पहिला ईसीजी ‘नॉर्मल’, पंचवीस मिनिटांनी हृदयविकाराचा झटका: पट्टीत मला काय दिसायला हवे होते?

सत्तरीतील परिचारिका

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात मी परिचारिका आहे. आमच्याकडे ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख) काढण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते आणि रात्रपाळीत ती पट्टी सर्वांत आधी माझ्याच हातात पडते, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

एप्रिलमधली गोष्ट आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास ५६ वर्षांच्या एका गृहस्थांना घेऊन घरची मंडळी आली. काजूच्या भट्टीवर काम करणारे गृहस्थ, मधुमेहाच्या गोळ्या चालू, त्याही अधूनमधून. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोनदा उलटी आणि अंगाला दरदरून घाम, एवढीच तक्रार होती. छातीत दुखते का, असे मी दोनदा विचारले, तर दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून नाही म्हटले. आदल्या रात्री हुर्राक (काजूच्या रसाची दारू) झाली होती, त्यामुळे घरच्यांनी लिंबूसोडा पाजून पाहिला होता आणि ‘पित्त’ हे निदान आमच्या दारात येण्याआधीच ठरले होते. ५ वाजून ४० मिनिटांनी मी ईसीजी काढला. पट्टीच्या माथ्यावर यंत्राने ‘सायनस ऱ्हिदम, नॉर्मल ईसीजी’, म्हणजे लय नेहमीची आणि आलेख ठीक, असे छापले. पित्ताचे इंजेक्शन देऊन त्यांना निरीक्षणाखाली ठेवले गेले. ६ वाजून ५ मिनिटांनी ते पुन्हा कळवळले, नाडी मोजली तर ४८. दुसरा ईसीजी काढला, तर लीड २, लीड ३ आणि एव्हीएफमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याचा एकेक कोन) एसटी रेषा, म्हणजे ठोक्याची टोकदार लहर आणि त्यामागची टी लहर यांमधला भाग, इतकी वर गेलेली होती की ती ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. त्यानंतर सर्व काही वेगाने झाले. रुग्ण वाचले आणि आता घरी आहेत.

मला अस्वस्थ करते ती पहिली पट्टी. दुपारी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा पहिल्या पट्टीतही एव्हीएलमधली एसटी रेषा अर्ध्या लहान चौकोनाएवढी (अर्धा मिलिमीटर) खाली बसलेली आणि टी लहर उलटी दिसली. लीड ३ मधली टी लहर तिच्या शेजारच्या क्यूआरएसपेक्षा, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लहरीपेक्षा, उंच होती. हे त्या वेळी दिसायला हवे होते का? स्नायूला रक्त कमी पडते आहे आणि स्नायू मरू लागला आहे, या दोन अवस्था पट्टीवर वेगळ्या कशा ओळखायच्या? आणि यंत्राने माथ्यावर छापलेल्या ओळीवर किती विश्वास ठेवावा? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर बरे होईल.

निवृत्त फिजिशियन, फोंडा

सिस्टर, तुम्ही पाहिलेत ते बरोबर पाहिलेत. ते पहाटे दिसले नाही याचे कारण तुमचे डोळे नसून माथ्यावरची ती ओळ आहे. एकदा ‘नॉर्मल’ वाचले की माणूस पट्टीत नॉर्मलच शोधू लागतो. माझ्या हाताखालच्या इंटर्न मुलांना मी पट्टीचा वरचा भाग दुमडून द्यायचो. आधी स्वतः वाचा, मग घडी उघडा. यंत्र ठरावीक मर्यादेशी तुलना करते. अर्धा मिलिमीटर त्या मर्यादेत बसत नाही, आणि समोरचा माणूस घामाने भिजला आहे हे तर त्याला ठाऊकच नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हृदयाच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या बाहेरच्या पृष्ठभागावरून आत शिरतात, त्यामुळे सर्वांत आतल्या थराला रक्त सर्वांत शेवटी मिळते आणि पोकळीतल्या दाबाचा भारही सर्वांत जास्त त्यालाच सोसावा लागतो. रोहिणी अरुंद झाली, पण पूर्ण बंद झाली नाही, की तूट आधी या आतल्या थराला जाणवते. अशा वेळी विद्युत्प्रवाहाची दिशा पोकळीकडे, म्हणजे छातीवरच्या इलेक्ट्रोडपासून दूर वळते आणि एसटी रेषा खाली जाते. ती आडवी किंवा उतरती असावी आणि शेजारच्या किमान दोन लीडमध्ये निदान अर्धा मिलिमीटर खाली असावी. वर चढत जाणारी खालावलेली रेषा धावून आलेल्या निरोगी माणसातही दिसते. या खालावण्यात एक गोम अशी की त्यावरून दोष भिंतीच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे सहसा सांगता येत नाही. व्ही४ ते व्ही६ मध्ये (व्ही१ ते व्ही६ या छातीवरच्या सहा लीड) एसटी खाली आहे म्हणून डावी बाजूच आजारी, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

रोहिणी पूर्ण बंद पडली की भिंतीची संपूर्ण जाडी उपाशी राहते, प्रवाह बाहेरच्या दिशेने वळतो आणि त्या भागासमोरच्या लीडमध्ये एसटी रेषा वर उचलली जाते. येथे मात्र जागा सांगता येते. लीड २, ३ आणि एव्हीएफ खालची भिंत पाहतात, व्ही१ ते व्ही४ पुढची, आणि लीड १, एव्हीएल, व्ही५ व व्ही६ डावी बाजू. मोजमाप जे बिंदूपाशी करायचे, म्हणजे क्यूआरएस संपून एसटी सुरू होते त्या कोपऱ्यावर. आणि तुलना क्यूआरएस सुरू होण्याआधीच्या सपाट रेषेशी करायची. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये १ मिलिमीटर उंचावा ही सर्वसाधारण मर्यादा आहे, पण व्ही२ आणि व्ही३ मध्ये निरोगी माणसांचीही रेषा थोडी वर असते, म्हणून तेथे चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या पुरुषांना २, चाळिशीच्या आतल्या पुरुषांना २.५ आणि स्त्रियांना १.५ मिलिमीटर ही मर्यादा धरतात.

पण एसटी वर जाण्याआधीही काही मिनिटे असतात, आणि तुमची ५ वाजून ४० मिनिटांची पट्टी नेमकी त्या मिनिटांतली आहे. बंद पडलेल्या रोहिणीची पहिली खूण बहुधा टी लहर दाखवते: ती रुंद होते, फुगते, तिची टोकदार नजाकत जाते. येथे मिलिमीटर मोजून काही साधत नाही, कारण पाहायचे असते ते तिचे शेजारच्या क्यूआरएसशी प्रमाण. पाच मिलिमीटरच्या क्यूआरएसला आठ मिलिमीटरची टी शोभत नाही. पंचवीस मिलिमीटरच्या क्यूआरएसला तीच टी अगदी शोभते. दुसरी खूण समोरच्या लीडमध्ये मिळते. लीड ३ आणि एव्हीएल हृदयाकडे जवळजवळ विरुद्ध दिशांनी पाहतात, दोघांमध्ये १५० अंशांचा कोन आहे. त्यामुळे खालच्या भिंतीत काही घडू लागले की लीड ३ मध्ये किंचित चढ आणि एव्हीएलमध्ये किंचित उतार एकाच वेळी दिसतो, आणि पुष्कळदा एव्हीएलचा उतार आधी नजरेत भरतो. पोटात जळजळ, उलटी, घाम आणि एव्हीएलमध्ये उलटी टी असे चित्र दिसले की मी पित्ताचे नाव घेणे थांबवत असे. नंतरची ४८ ची नाडीही त्याच भिंतीची साक्ष आहे. खालच्या भिंतीला रक्त देणारी उजवी रोहिणी बहुतेक माणसांत एव्ही नोडलाही (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचवणाऱ्या केंद्राला) रक्त देते.

राहिला मेलेल्या स्नायूचा प्रश्न. त्याची खूण क्यू लहर. मृत भाग वीज निर्माण करत नाही, त्यामुळे त्याच्यासमोरचा इलेक्ट्रोड जणू खिडकीतून पाहावे तसा पलीकडच्या भिंतीचा दूर जाणारा प्रवाह पाहतो, आणि सुरुवातीलाच खोल, रुंद खळगा उमटतो. रुंदी ०.०३ सेकंद, म्हणजे पाऊण लहान चौकोन, किंवा अधिक आणि खोली किमान १ मिलिमीटर असेल, तर ती दखल घेण्याजोगी. व्ही२ आणि व्ही३ मध्ये तर याहून लहान क्यूसुद्धा संशयास्पद. एकट्या लीड ३ मधली क्यू मात्र निरोगी माणसातही असते. क्यू उमटायला काही तास लागतात, म्हणून ‘क्यू नाही, म्हणजे झटका नाही’ हे वाक्य कोणाकडून ऐकलेत तर खुशाल दुर्लक्ष करा. उलट एसटी वर असताना क्यू नसेल, तर वाचवण्याजोगा स्नायू अजून पुष्कळ आहे असा अंदाज बांधता येतो.

फेरईसीजीबद्दल: दुखणे चालू आहे आणि पहिली पट्टी निर्णायक नाही, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पट्टी काढावी. त्यासाठी डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रोड काढूच नका, जागच्या जागी राहू द्या.

ईसीजी तंत्रज्ञ, मडगाव

डॉक्टरांनी वाचनाचे सांगितले, मी काढण्याचे सांगतो, कारण चुकीच्या जागेवरून काढलेली पट्टी कितीही बारकाईने वाचली तरी चुकीचेच सांगते.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे व्ही१ आणि व्ही२ वर चढवणे. गळ्याखालच्या खाचेतून बोट खाली सरकवत आणले की छातीच्या हाडावर एक आडवी कड लागते, तिच्या बाजूला दुसरी बरगडी असते. तिच्याखाली बरगड्यांमधली दुसरी फट, तेथून मोजत चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही१ आणि डावीकडे व्ही२. घाईत अंदाजाने लावले की ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटीत जातात, आर लहर (क्यूआरएसचे वर जाणारे टोक) खुजी दिसते आणि पुढच्या भिंतीचा जुना झटका असल्याचा भास होतो. व्ही४ पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर; आधी व्ही४ लावून मग व्ही३ त्याच्या आणि व्ही२ च्या मध्ये. व्ही५ आणि व्ही६ व्ही४ च्याच पातळीत सरळ आडवे न्यायचे, बरगडीच्या वळणाबरोबर वर चढवायचे नाहीत. स्त्री रुग्णांत संकोचापायी इलेक्ट्रोड स्तनावरच चिकटवला जातो. तो खाली, छातीच्या भिंतीवर असावा.

दोन हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तर लीड १ मधली पी लहरसुद्धा (क्यूआरएसच्या आधीची लहान लहर) उलटी होते आणि एव्हीआर सरळ दिसू लागते. असे दिसले की निदान करण्याआधी वायरींचे रंग तपासावेत. मे महिन्यात आपल्याकडे घामाने इलेक्ट्रोड निसटतात आणि रेषा लाटेसारखी वरखाली होऊ लागते. अशा डुलणाऱ्या रेषेवर अर्धा मिलिमीटर मोजणे म्हणजे शापोऱ्याच्या होडीत बसून फूटपट्टीने रेघ मारण्यासारखे आहे. त्वचा कोरडी पुसा, केस असतील तर काढा, दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

फिल्टरबद्दलही सांगतो, कारण ते फारसे कोणी सांगत नाही. रेषा स्थिर दिसावी म्हणून काही जण मॉनिटरचा ०.५ हर्ट्‌झचा फिल्टर लावून ठेवतात. त्याने रेषा स्थिर होते खरी, पण एसटीचा आकारही बदलू शकतो. निदानासाठीची पट्टी ०.०५ हर्ट्‌झच्या सेटिंगवर काढावी. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची आहे का, हे कडेच्या चौकोनी खुणेवरून पाहावे. उंची कोणी अर्ध्यावर आणून ठेवली असेल, तर १ मिलिमीटरचा उंचावा अर्धाच दिसेल.

पट्टीचा फोटो लगेच काढून ठेवा. उष्णतेने उमटणारी ती अक्षरे दमट हवेत आणि सॅनिटायझरच्या हाताने फिकट होतात. जुना ईसीजी तुलनेला हवा असतो, तेव्हा नातेवाइकांच्या पिशवीतून पुष्कळदा कोरा गुलाबी कागद निघतो.

काणकोणचा वैद्यकीय अधिकारी

ज्येष्ठ डॉक्टरांच्या लिखाणाबद्दल पूर्ण आदर राखून एक मतभेद नोंदवतो. मिलिमीटरच्या मर्यादा सांगितल्या की आमच्यासारखे नवखे त्यांना भिंत समजतात. ०.८ मिलिमीटर आहे, म्हणजे ‘स्टेमी’ (एसटी वर गेलेला झटका) नाही, म्हणजे घाई नाही, असा हिशोब मी स्वतः केलेला आहे आणि तो चुकलेलाही आहे. पूर्ण बंद पडलेली रोहिणी दर वेळी त्या मर्यादेपर्यंत एसटी उचलतेच असे नाही.

हृदयाच्या मागच्या भिंतीचे उदाहरण घ्या. नेहमीच्या बारा लीडपैकी एकही लीड तिच्यासमोर नाही. त्यामुळे तेथला झटका आपल्याला उलटा, आरशात पाहावा तसा दिसतो: व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली, आर लहर उंच, टी सरळ. हे पाहून ‘एसटी खालावली आहे, इस्किमिया (रक्त कमी पडणे) आहे, सकाळी पाहू’ असे लिहिले जाते, आणि एसटी नुसती खालावलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध दिले जात नसल्यामुळे हा रुग्ण उपचारालाही मुकतो. म्हणून खालावणे फक्त व्ही१ ते व्ही३ मध्ये दिसले, तर रुग्णाला कुशीवर वळवून पाठीवर व्ही७, व्ही८ आणि व्ही९ काढावेत. तेथे अर्धा मिलिमीटर उंचावाही पुरेसा धरतात. फक्त चाळिशीच्या आतल्या पुरुषात १ मिलिमीटर.

दुसरे उदाहरण दुखणे थांबल्यानंतरचे. रुग्ण म्हणतो, आता बरे वाटते, घरी जातो. पट्टीत एसटी सपाट आहे, पण व्ही२ आणि व्ही३ मधली टी लहर आधी वर जाऊन मग खाली बुडते किंवा सरळ खोल उलटी आहे. वेलन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेले हे चित्र पुढच्या मोठ्या रोहिणीतल्या गंभीर अडथळ्याचे असते. अशा माणसाला ट्रेडमिलवर पळवायचे नसते. आणि सहा किंवा अधिक लीडमध्ये एसटी खाली, पण एव्हीआरमध्ये वर, असे दिसले तर डाव्या मुख्य रोहिणीचा किंवा एकाच वेळी अनेक रोहिण्यांचा विचार करावा. रक्तस्रावाने किंवा अतिशय कमी रक्तदाबानेही हे चित्र उमटते, म्हणून आधी रुग्णाकडे पाहावे.

आमच्यासाठी हा सगळा वेळेचा हिशोब आहे. निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध जागेवरच सुरू करायचे असते, आणि काणकोणहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट, त्यात करमळ घाटात अडकलेला एखादा ट्रक, हे सर्व त्या हिशोबात धरावे लागते. राज्याच्या स्टेमी प्रकल्पामुळे आरोग्य केंद्रातली पट्टी आता तज्ज्ञांपर्यंत पोचते, हा मोठाच आधार आहे. तरीही कोणती पट्टी पाठवायची आणि पुन्हा कधी काढायची, हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

निवृत्त फिजिशियन, फोंडा

मतभेद मान्य आहे. मर्यादा ओलांडली तर हालचाल करायची, एवढाच तिचा उपयोग; ओलांडली नाही म्हणून स्वस्थ बसण्याचा परवाना ती देत नाही. पण उलट्या बाजूची चूकही सांगायला हवी, कारण गुठळी विरघळवणारे औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकते आणि वर गेलेली प्रत्येक एसटी झटक्याची नसते.

तरुण, सडपातळ मुलांत व्ही२ ते व्ही५ मध्ये वाटीसारखी उचललेली रेषा नैसर्गिक असते. हृदयावरच्या आवरणाला सूज आली की बहुतेक सर्व लीडमध्ये एसटी वर, पीआर (क्यूआरएसच्या आधीचा तुकडा) खाली आणि एव्हीआर व व्ही१ सोडल्यास विरुद्ध बाजूला उतार कोठेच नाही, असे दिसते. रुग्ण सांगतो की पुढे वाकून बसल्यावर बरे वाटते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड झालेल्या हृदयात उंच क्यूआरएसच्या उलट दिशेला एसटी झुकते. पूर्वीच्या मोठ्या झटक्यानंतर भिंत फुगून राहिली असेल, तर एसटी कायमची वर राहते, सोबत खोल क्यू असते आणि टी लहान असते. यांतली बहुतेक चित्रे अर्ध्या तासात बदलत नाहीत, झटक्याचे चित्र मात्र बदलत जाते. म्हणून फेरईसीजीचा आग्रह.

डावी बंडल शाखा (डाव्या कप्प्याकडे वीज नेणारी वाट) अडलेली असेल तर एसटी मुळातच क्यूआरएसच्या विरुद्ध दिशेला जाते. ती क्यूआरएसच्याच दिशेने १ मिलिमीटर वर गेली, किंवा व्ही१ ते व्ही३ पैकी एकात १ मिलिमीटर खाली गेली, तर झटक्याचा दाट संशय घ्यावा. स्गार्बोसा यांचे १९९६ चे हे निकष अजून कामास येतात.

सत्तरीतील परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा दोन्ही पट्ट्यांचे फोटो उघडले. दुसऱ्या पट्टीत लीड ३ चा उंचावा लीड २ पेक्षा जास्त आहे आणि व्ही१ सुद्धा किंचित वर आहे. उजव्या बाजूचा ईसीजी काढायचा असतो असे प्रशिक्षणात ऐकले होते, पण त्या सकाळी कोणालाच आठवले नाही. तो कसा काढायचा आणि त्याने काय बदलते?

निवृत्त फिजिशियन, फोंडा

लीड ३ चा उंचावा लीड २ पेक्षा जास्त असेल तर उजवी रोहिणी बंद असण्याची शक्यता अधिक, आणि व्ही१ वर असेल तर उजवा कप्पाही त्यात सापडला असावा असे धरावे. खालच्या भिंतीच्या प्रत्येक झटक्यात व्ही४आर (छातीच्या उजव्या बाजूला लावलेला व्ही४) पाहावाच. तेथे अर्धा मिलिमीटर उंचावाही महत्त्वाचा आहे, तिशीच्या आतल्या पुरुषात १ मिलिमीटर. त्याने बदलते ते हे: असा रुग्ण शरीरातून परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर तगून असतो, त्यामुळे जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने त्याचा रक्तदाब एकदम कोसळू शकतो. छातीत दुखले की गोळी जिभेखाली, हा हात आपल्याकडे सवयीने चालतो. खालच्या भिंतीचा झटका दिसला की व्ही४आर आणि रक्तदाब पाहिल्याशिवाय तो चालवू नये.

ईसीजी तंत्रज्ञ, मडगाव

सिस्टर, वेगळे यंत्र लागत नाही. व्ही४ चा इलेक्ट्रोड उचलून उजव्या बाजूला त्याच पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यरेषेवर लावा आणि पुन्हा पट्टी काढा. उजव्या कप्प्याचा उंचावा काही तासांतच मावळू शकतो, म्हणून हे लगेच करायचे. यंत्र मात्र त्यावर ‘व्ही४’ असेच छापणार, कारण इलेक्ट्रोड हलवल्याचे त्याला कळत नाही. तेव्हा पट्टी फाडताक्षणी ते छापील अक्षर पेनाने खोडून ‘व्ही४आर’ लिहा आणि शेजारी वेळ टाका, मगच फोटो काढा. पाठीवरून काढलेल्या व्ही७, व्ही८ आणि व्ही९ लाही हेच लागू.